चोरांनी मारलेला साधू रक्तसाक्षी कसा? (संत माइनराड, दोन डोमकावळे आणि आइनझीडेल्न)

सुपारीचं_खांड

इथे वसईची, गोव्याची कॅथलिक मंडळी आहेत, स्वित्झर्लंडात राहणारेही आहेत, म्हणून विचारतोय.

झ्युरिकपासून तासाभराच्या आत आइनझीडेल्न नावाचं गाव आहे. प्रचंड मठ, काळी मरियामाता, यात्रेकरूंची रीघ. हे सगळं ज्याच्यामुळे सुरू झालं तो माइनराड, नवव्या शतकातला बेनेडिक्टाइन साधू. जन्म ७९७ च्या आसपास, आजच्या जर्मनीत, नेकार नदीकाठच्या रोटेनबुर्गजवळ. बोडनसे सरोवरातल्या राइखेनाऊ बेटावरच्या मठात शिकला, तिथेच व्रत घेतलं. मग त्याला झ्युरिक सरोवराच्या वरच्या अंगाला एका लहान मठात शिकवायला पाठवलं. ८२८ च्या सुमारास तेही सोडून तो एट्झेलच्या खिंडीत झोपडी बांधून राहिला. पण खिंड म्हणजे येण्याजाण्याची वाट, लोक भेटायला येऊ लागले. सात वर्षं कशीबशी काढली आणि ८३५ मध्ये आणखी आत, ‘अंधारं रान’ म्हणत त्या जंगलात गेला. तिथे पंचवीसेक वर्षं प्रार्थना, उपास, आणि शोधत येईल त्याला दोन शब्द.

२१ जानेवारी ८६१ ला दोघे आले. यात्रेकरूंनी साधूला बरंच काही देऊन ठेवलं असणार, असा त्यांचा हिशेब. याने त्यांना खाऊपिऊ घातलं, त्यांनी याला सोट्यांनी मारलं. हाती काहीच लागलं नाही.

आता प्रश्न. परंपरा याला रक्तसाक्षी म्हणते. रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धा सोड म्हटल्यावर जो नाही म्हणतो आणि मरतो. या दोघांना माइनराडच्या श्रद्धेशी काय देणंघेणं होतं? हा सरळसरळ दरोड्यातला खून नाही का?

कट्टेकरी

पयला! शीर्षकात कावळे आहेत आणि लेखात नाहीत. ही फसवणूक आहे.

सुपारीचं_खांड

@कट्टेकरी, घ्या कावळे. रानात त्याने दोन डोमकावळे पाळले होते, म्हणजे रोज घास घालायचा. खून करून दोघे झ्युरिककडे पळाले, तर कावळे मागे. डोक्यावर घिरट्या, ओरडा, चोची. शेवटी लोकांना संशय आला, दोघे धरले गेले, काउंटपुढे उभे राहिले आणि जाळून मारले गेले. चरित्रात दोघांची नावंही आहेत, रिचर्ड आणि पीटर. गावाच्या चिन्हावर आजही दोन कावळे आहेत.

खोडरबर

आपल्याकडे कावळा ओरडला की पाहुणा येणार. माइनराडकडे पाहुणे येऊन गेल्यावर कावळे ओरडले. स्विस वक्तशीरपणा तेव्हा आला नव्हता वाटतं.

सुपारीचं_खांड

@खोडरबर, कथेत आधीही ओरडतात हो! दोघे झोपडीजवळ आले तेव्हाच कावळ्यांनी रान डोक्यावर घेतलं. साधूने मनावर घेतलं नाही, एवढंच.

हिशेबनीस

रसभंग करतो. ‘कथेत आहे’ म्हणताना कथा कुणाची ते पाहा. माइनराडचं चरित्र राइखेनाऊच्या मठात, त्याच्या मृत्यूनंतर फार काळ न जाता लिहिलं गेलं. म्हणजे माणूस खरा, खून खरा, तारखेवर शंका घ्यायचं कारण नाही. कावळ्यांचं मात्र सांगता येत नाही. एकांतवासी संतांच्या चरित्रात कावळा ठरलेलाच असतो. इजिप्तच्या वाळवंटातल्या पौलाला कावळा रोज भाकरी आणून द्यायचा. दुसरा एकांतवासी संत अंतोनी त्याला भेटायला आला त्या दिवशी दुप्पट आणली. संत बेनेडिक्टकडेही कावळा आहे, विषारी पाव चोचीत धरून लांब टाकून येणारा. आणि सारागोसाचा विन्सेंट घ्या. त्याच्या उघड्यावर टाकलेल्या प्रेताची राखण कावळ्याने केली. त्याचा सण २२ जानेवारी, माइनराडच्या दुसऱ्याच दिवशी! लिहिणाऱ्या साधूच्या कानात हे सगळं घुमत असणार.

कट्टेकरी

हिशेबनीसांच्या श्राद्धाला कावळा शिवणार नाही, लिहून घ्या.

पानवेल

मी वसईची. आमच्याकडे रक्तसाक्षी म्हटलं की पहिला डोळ्यापुढे येतो गोन्सालो गार्सिया. आमच्याच किल्ल्याजवळचा, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारलेला, १८६२ मध्ये संत घोषित झालेला. तिथे प्रश्नच नाही, ख्रिस्ती म्हणूनच मारलं. माइनराडचं तसं नाही हे धागाकर्त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण खून कसा झाला ते त्यांनी फारच घाईत उरकलंय आणि उत्तर तिथेच आहे.

चरित्रातला प्रसंग असा. दोघे पोचले तेव्हा माइनराड मिस्सा (पाव आणि द्राक्षरसाची मुख्य उपासना) करत होता. त्या मिस्सेतच त्याला आपलं मरण जवळ आल्याचं कळलं. प्रार्थना पुरी करून त्याने दार उघडलं आणि म्हणाला, जरा लवकर आला असता तर मिस्सा मिळाली असती. मग पाव दिला, प्यायला दिलं. आणि सांगितलं, ज्या कामाला आलात ते झालं की एक मेणबत्ती माझ्या डोक्याशी लावा, एक पायाशी, आणि निघा. खून झाल्यावर ते चॅपेलमधून विस्तव आणायला गेले आणि परत येऊन पाहतात तर मेणबत्ती आपोआप पेटलेली. हिशेबनीस मेणबत्तीवरही काट मारतील, मारू द्या.

आता तो कुठल्या नियमाने बांधलेला होता ते पाहा. बेनेडिक्टच्या नियमावलीचा ५३ वा अध्याय पाहुण्यांवर आहे: जो येईल त्याचं स्वागत ख्रिस्त आला असं समजून करायचं. मत्तयच्या शुभवर्तमानातलं ‘मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं’ हे त्याचं मूळ. माइनराड रानात गेला तरी हे व्रत सुटलं नव्हतं. दार लावून बसला असता तर कदाचित वाचला असता, पण मग व्रत मोडलं असतं. म्हणूनच त्याला ‘पाहुणचाराचा रक्तसाक्षी’ म्हणतात.

हिशेबनीस

पानवेलताई, युक्तिवाद छान. पण त्यात एक मेख आहे. त्याला आधीच कळलं होतं हे कुणी पाहिलं? साक्षीदार दोनच, आणि दोघांना जाळलं. माणूस सवयीने पाहुणचार करून गेला आणि नंतर लिहिणाऱ्याने त्यात ‘त्याला माहीत होतं’ हे घातलं, असंही असेल. रक्तसाक्षीपण त्या एका वाक्यावर उभं आहे.

पानवेल

पकडल्यावर दोघांनी कबुली दिली असेल की. आणि समजा, नसेल माहीत. अनोळखी दोघे, हिवाळा, आजूबाजूला वस्ती नाही, आणि दार उघडलं. यात धोका आहे हे कळायला दृष्टान्त लागत नाही. तो धोका त्याने रोजच पत्करला होता.

झुरिकवाली_मावशी

मी कॅथलिक नाही, पण गावाहून पाहुणे आले की आइनझीडेल्नला नेणं हे माझं ठरलेलं काम, त्यामुळे थोडं सांगते.

माइनराड तिथे शोधावा लागतो! सगळे येतात काळ्या मातेसाठी. चर्चमध्ये शिरलं की समोरच काळ्या संगमरवरी दगडाचं छोटं चॅपेल आहे, मोठ्या चर्चच्या पोटात लहान घर बांधावं तसं. परंपरेनुसार माइनराडची झोपडी तिथेच होती. आत सोनेरी ढगांच्या प्रभावळीत ती उभी, कडेवर बाळ. तिचे पोशाख सणावारानुसार, ऋतूनुसार बदलतात, जरीकामाचे, एकेक पाहत राहावा असा. माझ्या सासूबाईंनी पाहिल्यावर हातच जोडले आणि म्हणाल्या, “ओटी भरायला काही आणलं नाहीस गं?” माइनराडची कवटी त्याच चॅपेलच्या वेदीत आहे, पण हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

बाहेर चौकात मरियामातेचं कारंजं आहे, चौदा तोट्यांचं. चौदाही तोट्यांचं पाणी प्यायची जुनी रीत. डिसेंबरात करून पाहू नका.

आणि एक. तिथे श्रीलंकेतली तमिळ कुटुंबं खूप दिसतात. त्यांची दरवर्षी यात्राही असते. त्यात हिंदूही असतात, रेशमी साड्या नेसून, मेणबत्त्या घेऊन.

दर्यावर्दी

मावशी, तमिळ लोकांचं नवल नको. श्रीलंकेत मडूच्या मरियामातेकडे हिंदू तमिळ पूर्वीपासून जातात, तीच सवय त्यांनी बर्फात नेली. आणि आम्हां गोंयकारांचाही तिथे हात आहे बरं का. बाणावलीत जन्मलेले जोझे वाझ डच अमदानीत लपतछपत सिलोनमध्ये काम करत राहिले, १७११ मध्ये कँडीत वारले, २०१५ मध्ये संत झाले. आइनझीडेल्नला येणाऱ्या तमिळ कॅथलिकांना वाझ कोण हे सांगावं लागत नाही.

खोडरबर

ती काळी का आहे? मूळची काळी की आपल्या विठोबासारखं काही?

झुरिकवाली_मावशी

धूर. शेकडो वर्षं मेणबत्त्या आणि दिव्यांची काजळी. पण पुढची गोष्ट ऐका. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आलं, त्यांनी ते चॅपेल पाडलं. मूर्ती त्याआधीच ऑस्ट्रियाकडे हलवून लपवली होती. तिथे दुरुस्ती करताना कारागिराने काजळी काढली, तर खाली गव्हाळ रंग! झाली पंचाईत. लोकांना त्यांची आई काळीच हवी होती. मग १७९९ मध्ये तिला रीतसर काळा रंग दिला. आता ती धुराने नाही, रंगाने काळी आहे.

कट्टेकरी

गोरेपणाची क्रीम विकणाऱ्यांनी हा प्रतिसाद वाचू नये.

हिशेबनीस

त्यातच भर. मूर्ती पंधराव्या शतकातली आहे, १४६५ च्या आगीत आधीची गेल्यावर आणलेली. तेव्हा झ्युरिकच्या मठाधिपती हिल्डेगार्डने माइनराडला दिलेली मूर्ती ती हीच, असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.

इतिहासकिडा

धागा वाचनखूण साठवला. पण माइनराड मेल्यावर काय झालं हे कुणी सांगेना, म्हणून लिहितो.

मृतदेह राइखेनाऊला नेला. रानातली जागा चाळीसेक वर्षं जवळजवळ ओस. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला स्ट्रासबुर्गचा बेनो काही साथीदारांसह येऊन राहिला. ९३४ मध्ये स्ट्रासबुर्गचाच एबरहार्ड आला, स्वतःची मालमत्ता ओतून त्याने रीतसर बेनेडिक्टाइन मठ उभारला आणि पहिला मठाधिपती झाला. ९४८ ची दंतकथा प्रसिद्ध आहे: कॉन्स्टान्सचा बिशप कोनराड चॅपेलचं अभिषेचन करायला आला, तर आदल्या रात्री त्याला आत देवदूत तेच करताना दिसले, आणि सकाळी आवाज आला की थांब, हे झालेलं आहे. १४ सप्टेंबरला हा सण अजून होतो.

मग जमिनी आल्या, कुरणं आली. आणि कुरणं आली की भांडणं आली. शेजारच्या श्वीझच्या शेतकऱ्यांचा मठाशी चराऊ रानांवरून पिढ्यान्‌पिढ्या वाद होता. जानेवारी १३१४ मध्ये त्यांनी रात्री मठावर हल्ला केला, लूट केली, साधूंना धरून नेलं. मठाचे पालक होते हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाचं राजघराणं. त्यांचा ड्यूक लिओपोल्ड फौज घेऊन आला आणि १५ नोव्हेंबर १३१५ ला मोरगार्टनच्या अरुंद वाटेत शेतकऱ्यांनी त्याच्या घोडदळाची दाणादाण उडवली. स्विस लोक आपल्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत ही लढाई फार वर ठेवतात. म्हणजे एकांतासाठी रानात गेलेल्या माणसाच्या झोपडीवरून गायरानाचा तंटा आणि त्यातून लढाई.

अवांतर: ज्या प्रोटेस्टंट सुधारक त्स्विंगलीने पुढे झ्युरिकमधून संतपूजा हद्दपार केली, तो १५१६ ते १५१८ याच आइनझीडेल्नला धर्मगुरू होता. यात्रेकरूंची गर्दी त्याने अगदी जवळून पाहिली होती. आणि वैद्यकातला प्रसिद्ध भांडखोर पॅरासेल्सस जन्मला तोही इथेच, सील नदीवरच्या सैतानपुलाजवळ.

खोडरबर

गायरान! तलाठी कोण होता ते शोधा, सातबारा मिळेल.

भाकरतुकडा

मला हे सगळं वाचून चीड आली. माणूस आयुष्यभर गर्दीपासून पळाला. खिंडीत गेला, लोक आले. रानात गेला, लोक आले. मेला, तर त्याच्या झोपडीवर बरोक शैलीचा महाल बांधला (१७१९ ते १७३५ बांधकाम चाललं होतं म्हणे), समोर दुकानं, बसगाड्यांना तळ. त्याला जे नको होतं ते सगळं त्याच्या नावावर. ही भक्ती की सूड?

पानवेल

@भाकरतुकडा, सूड वगैरे काही नाही. तो गर्दीपासून पळत होता हे अर्धंच. पळायचंच असतं तर आल्पमध्ये त्याहून दुर्गम जागा होत्या. तो झ्युरिक सरोवरापासून पायी पोचता येईल इतक्याच अंतरावर राहिला आणि आलेल्याला परत पाठवलं नाही. त्याला बहुधा रात्री एकटं राहायचं असावं, दिवसा नव्हे. हा माझा अंदाज, हिशेबनीसांनी लगेच पुरावा मागू नये.

भाकरतुकडा

आणि महाल?

पानवेल

महाल मलाही थोडा जास्त वाटतो.

मक्याचं_शेत

अमेरिकेतून हजेरी. आम्ही इंडियानात राहतो. आमच्याकडे दक्षिणेला सेंट माइनराड नावाचं गावच आहे. १८५४ मध्ये आइनझीडेल्नच्या साधूंनी इथे येऊन मठ काढला, जर्मन बोलणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. आज मोठा मठ आहे, धर्मगुरूंचं शिक्षण होतं, टेकडीवर वालुकाश्माचं चर्च लांबून दिसतं. आम्ही मात्र त्या रस्त्याने वर्षानुवर्षं वेगळ्याच कारणाने जातोय. त्याच काउंटीत सांता क्लॉज नावाचं गाव आहे आणि तिथे मुलांसाठी पाळण्यांची बाग. माइनराड हा कुणी माणूस होता हे आज या धाग्यावर कळलं.

कट्टेकरी

एका काउंटीत माइनराड आणि सांता क्लॉज. एकाकडे लोक भेटी घेऊन जायचे, दुसरा भेटी घेऊन येतो.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? धागा गायरानातून पाळण्यात पोचला.

पानवेलताईंचा युक्तिवाद मान्य करायचा तर एक उदाहरण आडवं येतं. शार्ल द फूको. फ्रेंच, सहारात तामान्रासेटला एकांतवासी म्हणून राहणारा, येईल त्या तुआरेग माणसाला दार उघडं. १ डिसेंबर १९१६ ला टोळीने दाराशी बोलावून धरलं, आणि गडबडीत गोळी घातली. माइनराडशी किती जुळतं पाहा: एकांत, पाहुणचार, सशस्त्र माणसं, लूट. १५ मे २०२२ ला तो संत झाला. पण रक्तसाक्षी म्हणून नाही! मग माइनराडला वेगळा न्याय का?

पानवेल

वा, हे उदाहरण खरंच अडचणीचं आहे. त्याच समारंभात त्रावणकोरचे देवसहायम संत झाले, ते मात्र रक्तसाक्षी म्हणून, म्हणून माझ्या चांगलं लक्षात आहे.

फरक काळाचा आहे. आज रोममध्ये प्रकरण चालतं, कागद, साक्षी, मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष होता का याची तपासणी. माइनराडच्या वेळी हे यंत्रच नव्हतं. पोपने रीतसर संत घोषित केल्याची पहिली नोंद ९९३ ची, आउग्सबुर्गचा बिशप उलरिख. (गंमत म्हणजे ९४८ च्या त्या देवदूतांच्या कथेत हा उलरिखही हजर असतो.) त्याआधी लोक थडग्याशी जमत, मठ सण पाळी, आणि अस्थी सन्मानाने वर काढून वेदीत ठेवल्या की झाला संत. माइनराडच्या अस्थी १०३९ मध्ये राइखेनाऊहून आइनझीडेल्नला परत आणल्या, तोच त्याचा निकाल समजा. रक्तसाक्षी ठरवणारे होते राइखेनाऊचे त्याचे सोबती, ज्यांनी त्याचा मोडका देह उचलून नेला. त्यांना व्याख्या नको होती.

आणि आजचे नियमही वाटतात तितके कडक नाहीत. पोलिश धर्मगुरू कोल्बेचं बघा. आउशविट्झच्या नाझी छळछावणीत दुसऱ्याच्या जागी मेला. १९७१ मध्ये धन्य घोषित केला तेव्हा रक्तसाक्षी नव्हता, १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत केलं ते रक्तसाक्षी म्हणून. अत्याचाराला विरोध केला म्हणून मारलेल्या मारिया गोरेत्ती या मुलीला तर कुणी धर्म सोड म्हटलंच नव्हतं. थॉमस अक्वायनसने हे आधीच मांडून ठेवलंय: देवासाठी आचरलेल्या कुठल्याही सद्गुणापायी मरण आलं तर ते रक्तसाक्ष्य, बाप्तिस्मा करणारा योहान हे त्याचं उदाहरण.

हिशेबनीस

कोल्बेचा मुद्दा घेतला. पण मग फूकोचंही पुन्हा उघडायला हवं. माझं मत: माइनराड आज मेला असता तर नुसता संत झाला असता, रक्तसाक्षी नाही.

पानवेल

नुसता संत! हिशेबनीसांच्या पदरात काही पडणं कठीण आहे.

सुपारीचं_खांड

दोघांचे आभार. माझा कल आता पानवेलताईंकडे आहे, मुख्यतः ‘लवकर आला असता तर मिस्सा मिळाली असती’ या वाक्यामुळे. मारेकऱ्याला उशिरा आल्याबद्दल बोलणारा माणूस कुणी नंतर रचला असेल, तर रचणारा मोठा लेखक होता.

जानेवारीत, त्याच्या सणाला जायचा विचार आहे. चालत जाता येतं का?

झुरिकवाली_मावशी

जानेवारीत चालत नको, गाव नऊशे मीटरच्या आसपास आहे, वाटेवर बर्फ असतो. आगगाडीने वेडेन्सविलला उतरून गाडी बदला. मे-जूनमध्ये जा चालत: रापर्सविलहून लाकडी पुलावरून सरोवर ओलांडायचं, फेफिकोनहून एट्झेलचा चढ. खिंडीत माइनराडचं चॅपेल आहे, त्याची पहिली झोपडी तिथलीच. मग सैतानपूल आणि गाव. ही स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंचीच वाट आहे, खुणा सापडतात. दुपारी साडेचारच्या संध्याप्रार्थनेला पोचाल असं बघा. ती झाली की साधू रांगेने काळ्या चॅपेलपाशी येऊन साल्वे रेजिना हे मरियामातेचं लॅटिन स्तोत्र गातात.

खोडरबर

आणि खायला?

झुरिकवाली_मावशी

शाफबॉक. मेंढ्याच्या आकाराचा मधाचा केक, तिथली जुनी खूण. दात घट्ट असतील तरच घ्या.

कट्टेकरी

कावळ्याच्या आकाराचा नाही? त्या दोघांनी एवढी पळापळ केली आणि केक मेंढ्याचा. निषेध!